कर्ता मी नाही, सही मात्र माझी

‘करणारा मी नाही, तो आहे’ असं मनापासून म्हणता आलं की माणूस मोकळा होतो, अशी आमच्याकडची शिकवण. माळकरी घरात ती कुणी समोर बसवून शिकवत नाही. कान टोचतात त्या वयापासून ती कानावर पडतच असते. आता माझी पन्नाशी उलटली, आणि गेली काही वर्षं शिफ्टचे आठ तास मी खरोखरच कर्ता नसतो. करणारा ‘तो’ असतो. तो कोण, हेही मला पक्कं ठाऊक आहे: लाईनच्या शेवटी लोखंडी चौकटीत बसवलेला एआयचा कॅमेरा आणि त्याला जोडलेला संगणक. शिकवणीप्रमाणे मी निवांत व्हायला हवा होतो. प्रत्यक्षात रात्री दोनला जाग येते आणि डोळ्यांपुढून पार्ट सरकत राहतात.

म्हणजे एकतर शिकवण खोटी, नाहीतर अकर्तेपणाचे दोन प्रकार असले पाहिजेत. शिकवण खोटी म्हणायची माझी छाती नाही. म्हणून दुसऱ्या शक्यतेच्या मागे लागलो.

माझं घर दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडे. नोकरी पलीकडे, शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत. पारगावजवळ नदी ओलांडायची, न्हावऱ्याकडून पुढं जायचं. बाहेरच्या लोकांना रांजणगाव म्हटलं की अष्टविनायकातला महागणपती आठवतो. आम्हाला शिफ्ट आठवते. आमची कंपनी फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या कारखान्यांना प्लॅस्टिकचे पार्ट पुरवते. मी क्वालिटीत, इन्स्पेक्टर. मोल्डिंग मशीनमधून पार्ट बाहेर पडला की तो चांगला का वाईट हे ठरवणं एवढंच माझं काम. ‘एवढंच’ म्हणतो खरा, पण त्यात माझं तारुण्य गेलं.

पार्ट हातात घेतला की आधी कडेवरून अंगठा फिरवायचा. फ्लॅश असेल, म्हणजे साच्याच्या सांध्यातून माल थोडासा बाहेर आला असेल, तर डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं. मग पार्ट ट्यूबलाईटखाली तिरका धरायचा. सरळ धरला तर काही दिसत नाही. तिरका धरला की उजेड पृष्ठभागावरून वाहत जातो, आणि मागच्या बाजूला जिथं रिब असते तिथं पुढून हलकासा खड्डा असेल तर उजेड तिथं अडखळतो. तो सिंक मार्क. जाड भाग उशिरा थंड होतो, आकसताना आतून ओढून घेतो, म्हणून तो पडतो. आणि चंदेरी बारीक रेघा दिसल्या तर समजायचं की दाणा ओला होता. एबीएसचा दाणा हॉपर ड्रायरमध्ये ऐंशी अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून मगच मशीनला द्यायचा असतो. रात्रपाळीत कुणी ड्रायर उशिरा चालू केला की सकाळच्या पार्टवर त्याची साक्ष उमटते. मी पार्ट बघायचो आणि इथूनच रात्री कुठं काय झालं ते सांगायचो. पोरं म्हणायची, काकांना अंगात येतं.

मग कॅमेरा आला. आणण्याआधी कित्येक महिने मला एका खोलीत बसवून पार्टचे फोटो दाखवत होते. हा ओके, हा एनजी म्हणजे नापास, हा ओके. एनजी असेल तर कुठं, ते माऊसने चौकोन करून दाखवायचं. समोर बसलेला इंजिनियर पोरगा गुणी होता. म्हणाला, ‘काका, हे मॉडेल म्हणजे तुम्हीच. तुमचाच डोळा आम्ही आत भरतोय.’ मला त्याचं अप्रूप वाटलं, खोटं कशाला बोलू. विद्या दिल्याने वाढते म्हणतात.

आता पार्ट कॅमेऱ्याखालून जातो, स्क्रीन हिरवी नाहीतर लाल होते. हिरवी झाली की कंत्राटी मुली पार्ट उचलून पेटीत भरतात, लाल झाली की लाल बिनमध्ये टाकतात. साधारण पाऊण मिनिटाला एक पार्ट. कुणी उचलायला उशीर केला तर वरच्या मोठ्या पडद्यावर त्या स्टेशनपुढे ‘आयडल’ अशी पट्टी येते. पाणी प्यायला गेली तरी आयडल, लघवीला गेली तरी आयडल. मी बाजूला उभा. दर तासाला रिपोर्टवर ‘तपासणारा’ या रकान्यात माझी सही.

कॅमेरा वाईट नाही, हे आधी सांगून टाकतो. दुपारी तीनला माझा डोळा पेंगतो, त्याचा पेंगत नाही. माझ्या हातून सुटायचे असे शॉर्ट शॉट, म्हणजे साचा पुरता न भरलेले पार्ट, तो पकडतो. पण एका सकाळी पार्टवर चंदेरी रेघा होत्या आणि स्क्रीन हिरवी होती. कॅमेऱ्याला उजेड वरून सरळ पडतो, तिरकं धरणं त्याला माहीत नाही. मी सुपरवायझरला बोलावलं, पार्ट तिरका धरून दाखवला. त्याला दिसलंही. तो म्हणाला, ‘काका, सिस्टीम ओके देतेय ना? मग जाऊ द्या. लाईन थांबवली तर वर मी काय सांगू?’ माल गेला. आठवड्याभरात ग्राहकाची तक्रार आली. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न: इन्स्पेक्टर कोण होता? रिपोर्टवर सही कुणाची?

सही माझी होती.

त्या वर्षी तुकोबांच्या पालखीत वरवंडच्या मुक्कामी एका बुवांपाशी हा विषय काढला. आमच्या तालुक्यातून पालखी जाते तेव्हा यवतला पिठलं-भाकरी आणि वरवंडला मुक्काम, हे आमचे सणाचे दिवस. बुवा विद्वान, स्वभावानेही गोड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अहो, मग तुम्हाला देवानं आयतीच साधना दिली की! कर्तेपणाचा अहंकार घालवायला लोक जन्म घालवतात. तुमचा यंत्राने घालवला. दुःख होतंय ते अहंकाराला होतंय. होऊ द्या.’

बसलेले लोक हसले, मीही हसलो. पण तो घास घशाखाली उतरला नाही. असंच काहीसं आमच्या एचआरच्या भिंतीवरही लावलेलं आहे: फळाची आशा धरू नका या अर्थाचा गीतेतला तो श्लोक, सोनेरी अक्षरांत, चौकटीत. ज्याला फळ द्यायचंय त्याच्या भिंतीवर तो श्लोक असणं मला नेहमीच जरा सोयीचं वाटत आलंय. गीता ऐकणारा अर्जुन होता, पगारपत्रक काढणारा नव्हता. शिवाय याच एचआरने समाधान मोजायला मोबाईलवर एक ॲप दिलंय. रोज शिफ्ट संपताना पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आत जायला एम्प्लॉयी कोड टाकावा लागतो. साहजिकच आमच्या कंपनीत सगळे हसरे आहेत.

घरी येऊन अठरावा अध्याय काढला. तिथं कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. त्यापुढं म्हटलंय की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. मी हे पूर्वीही वाचलं होतं, पण कामाला लावून वाचलं नव्हतं. यात कर्त्याचं नाव खोडलेलं नाही. पाचांत तो आहेच, फक्त एकटा नाही. त्याच्या नावावर जमीन आहे, पण सातबारावर आणखी चौघांची नावं आहेत. आता आमच्या लाईनवर हे पाच कुठं कुठं बसलेत ते बघा. कॅमेरा आणि संगणक हे करण, साधन असायला हवेत. ते कर्त्याच्या जागेवर जाऊन बसले. आणि माझा हात, माझी सही, त्या मुलींच्या कंबरा, हे साधनाच्या रकान्यात आले. दैवाची जागा सर्व्हरने घेतली, तो केव्हा बंद पडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बुवा म्हणतात तसा अहंकार गेला असता तर पाचही जण आपापल्या जागी दिसले असते. इथं नुसती अदलाबदल झालीय.

माझे वडील, तात्या, गुळव्या होते. केडगाव-यवतच्या पट्ट्यात तेव्हाही गुऱ्हाळं भरपूर होती. चुलवणात चिपाड घालणारा वेगळा, मळी काढणारा वेगळा, पण काहील केव्हा उतरवायची हे ठरवणारा एकच, तो गुळव्या. रस उकळताना भेंडीचं पाणी, चुना किती आणि केव्हा, हे त्याच्या हाती. शेवटी शेवटी तात्या कुणाशी बोलत नसत. बुडबुड्यांचा आकार बघायचे, फावड्यावरून पाक कसा गळतो ते बघायचे, थेंबभर गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळायची. मग एकदम ‘घ्या!’ म्हणायचे आणि चारी बाजूंनी माणसं धावायची. त्या ‘घ्या’च्या अलीकडे गूळ कच्चा, पलीकडे करपलेला. मालकाचं अख्खं आदण त्या एका शब्दावर.

ढेप सोन्यासारखी निघाली आणि कुणी वाहवा केली की तात्या म्हणायचे, ‘ऊस चांगला होता. पांडुरंगाची कृपा.’ आणि गूळ करपला तर? ऊस वाईट होता असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पांडुरंगाचंही नाव घ्यायचे नाहीत. ‘माझी नजर चुकली’ म्हणून मालकाच्या शिव्या खाली मान घालून ऐकायचे.

अकर्तेपण म्हणतात ते हे असावं, असं मला आता वाटतं. श्रेय वर पाठवायचं, दोष आपल्यापाशी ठेवायचा. आमच्या लाईनवर बरोबर उलटा हिशोब आहे. महिन्याचं रिजेक्शन कमी झालं की प्रेझेंटेशनमध्ये सिस्टीमचा फोटो, आणि माल परत आला की इन्स्पेक्टर कोण होता? कर्तेपण काढून घेतलं, जबाबदारी काढून घ्यायची राहिली. बुवांच्या साधनेत माणूस आपण होऊन हात रिकामा करतो. माझा हात पिरगळून रिकामा केलाय आणि वर त्याच हाताची सही घेतलीय. दोन्हीकडे हात रिकामाच दिसतो, हे खरं. चोरी झालेल्या माणसाला तुम्ही दानशूर म्हणाल का?

यंत्राने काम उचललं याचं मला वाईट वाटतंय असं कुणी म्हणेल, म्हणून जनाबाईची आठवण करून देतो. देवाने जनीबरोबर दळण दळलं, शेण्या वेचल्या, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नाथांच्या घरी पैठणला श्रीखंड्या होऊन त्याने पाणी भरलं. देवाने काम हाती घेतलं म्हणून जनीला कधी रिकामपण आलं नाही. का आलं नाही? या सगळ्या कथांत देव कष्ट उचलतो. जात्याचा खुंटा ओढणं, कावड वाहणं, पाठीला कळ लावणारं जे असेल ते. जनीचं गाणं तो घेत नाही. आमच्या कंपनीत आलेल्या देवाने पेटी उचलली नाही, उभं राहणं घेतलं नाही, रात्रपाळी घेतली नाही. ते सगळं मुलींकडंच आहे, उलट पट्टी लागल्यापासून जास्तच आहे. त्याने नेमकं गाणं तेवढं घेतलं. तिरका धरून बघणं, अंगठा फिरवणं, ‘हा जाऊ दे, हा थांबव’ म्हणणं. कष्ट जागच्या जागी आणि ठरवणं गेलं.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ आमच्याकडं तात्यांच्या वेळेपासून आहे, पानं पिवळी पडलीत. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांची जी संगती लावली, ती विद्वानांना मान्य असो नसो, लाईनवर उभ्या असलेल्याला ताबडतोब पटते. बाहेरून करायचं ते कर्म, त्यात आतून मन ओतायचं ते विकर्म, आणि दोन्ही एक झाली की कर्माचं ओझं नाहीसं होतं, ते अकर्म. म्हणजे अकर्माला जायची वाट मन ओतण्यातून जाते. मन ओतायची जागाच बुजवली तर कर्म उरतं ते निव्वळ ओझं. पूर्वी मी दिवसभर पार्ट तपासून दमायचो, पण घरी येऊन झोपायचो. आता फारसं काही करत नाही आणि दमलेला असतो. माझ्या डॉक्टरांना हे सांगता येत नाही, ते बीपी बघतात. विनोबांना सांगता आलं असतं.

सगळीकडं असंच असतं असंही नाही. आमच्या शेजाऱ्याने उसाला एआय लावलंय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला बरोबर घेऊन जो प्रयोग केला, त्याची चर्चा इकडं गावोगाव आहे. मातीतले सेन्सर, उपग्रहाचे फोटो, आणि मोबाईलवर निरोप: आज पाणी द्या, इतका वेळ द्या. शेजारी निरोप वाचतो, आभाळाकडं बघतो आणि कधी पाणी देतो, कधी देत नाही. त्याची झोप उत्तम आहे. मोबाईलने सांगितलेलं न ऐकण्याची त्याला मुभा आहे आणि चुकलं तर ऊस त्याचा आहे. यंत्र तेच, फरक मुभेचा.

माझे दाजी दौंडला रेल्वेत लोको पायलट होते. इंजिनात त्यांच्यावरही यंत्राची नजर असायची. मिनिटभर कुठलीच हालचाल झाली नाही की दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरी बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक. दाजींना त्याचा कधी राग आला नाही. ‘ते फक्त विचारतं, जागा आहेस का. गाडी कशी चालवतोस ते नाही विचारत.’ शेजारी सहायक असायचा, समोर सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने एकमेकांना सांगायचं, हिरवा, पिवळा. ती पण नजरच, पण तिच्यात दुसराही तितकाच अडकलेला असतो; गाडी आदळली तर दोघंही मरणार. 2023 मध्ये ईशान्य सीमा रेल्वे चालकाच्या पापण्यांची उघडझाप बघून पेंग ओळखणारं एआय यंत्र तयार करतेय अशी बातमी आली. दाजींनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘पापणी बघा, हरकत नाही. आधी ड्युटी किती लांबली ते बघा. पेंग तिथून येते.’

एवढं सगळं मनात घोळवून मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. तत्त्वज्ञान सांगितलं नाही, शहाणपण एवढं आहे. दोन मागण्या ठेवल्या. इन्स्पेक्टरला स्क्रीनविरुद्ध निर्णय द्यायचा अधिकार असावा, आणि तो त्याच्या नावाने, कारणासकट रजिस्टरला लागावा. आणि ‘तपासणारा’ या रकान्यात माझी सही मी हातात घेऊन बघितलेल्या पार्टपुरतीच असावी. बाकीच्या ठिकाणी कॅमेऱ्याचा स्टेशन नंबर छापा. साहेब तरुण आहेत, ऐकून घेतात. म्हणाले, ‘सिस्टीमची सही ग्राहक घेणार नाही काका. माणूस लागतो.’ मी म्हटलं, ‘साहेब, माणूस लागतो ना? मग तो सहीच्या आधी लागू द्या.’ ते हसले. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला विषय घेऊ म्हणाले.

हे मी मोठ्या उत्साहाने लाईनवरच्या एका पोरीला सांगितलं. लातूरकडची आहे, कारेगावात चौघीजणी मिळून खोली घेऊन राहतात. अधिकार, रजिस्टर, सही, मी सगळं समजावत होतो. ती पेटी भरता भरता ऐकत होती, नजर पडद्यावरच्या पट्टीकडं. माझं संपल्यावर म्हणाली, ‘ते होईल काका तुमचं. पण आमच्यासाठी एक स्टूल मागा. दोन पार्टच्या मधी टेकायला.’

1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 44 मध्ये, उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून बसायची सोय करायला सांगितलेली होती. तेव्हा एआयही नव्हतं आणि मीही नव्हतो. मीटिंगसाठी जो कागद तयार केलाय त्यात स्टूल एक नंबरला टाकलंय, पट्टी दोन नंबरला, माझी सही तिसऱ्या. साहेबांनी वेळ कमी आहे म्हणून एकच विषय घ्यायचं ठरवलं तर पहिला घ्यावा, असंही खाली लिहिलंय.